तळपायाचा नकाशा हाडांवरून कसा वाचायचा

बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या दुकानात किंवा जत्रेतल्या अॅक्युप्रेशरच्या गाड्यावर तळपायाच्या कोणत्या जागेला कोणता अवयव मानतात ते दाखवणारा रंगीत तक्ता मिळतो. या पद्धतीचं नाव रिफ्लेक्सॉलॉजी. तो घरी आणला की अडचण सुरू होते. तक्त्यातला पाय अरुंद, गुळगुळीत, बोटं एकमेकांना चिकटलेली. समोर बाजेवर पसरलेला पाय मात्र पऱ्हाटीत अन् धानाच्या बांधीत आयुष्य गेलेला: चवडा रुंद, बोटं फाकलेली, कातडी जाड, टाचेला भेगा. तक्त्यात लिहिलेलं असतं, 'चवड्याखाली कातडीचा रंग बदलतो तिथे रेषा धरा.' अनवाणी चाललेल्या तळव्यावर तो रंग बदलतच नाही. मग अंदाजाने कुठेतरी दाबलं जातं आणि मूत्रपिंड समजून माणूस आतडं चोळत बसतो.

यावर उपाय सोपा आहे. रंग पाहू नका, हाडं चाचपा. कातडी कितीही जाड झाली तरी हाडाचा उंचवटा बोटाला लागतोच.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. हा नकाशा हाताला वाट दाखवायला आहे, रोग ओळखायला नाही. चुकीच्या जागी दाबल्याने फारसं काही बिघडत नाही. 'इथे दुखतं म्हणजे किडनी खराब' असं ठरवून जडीबुटी सुरू केली किंवा डॉक्टरांकडे जायचं टाळलं, तर खूप बिघडतं.

नकाशा कुठून आला

अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे मानले, डावीकडे पाच आणि उजवीकडे पाच. एडविन बॉवर्स यांच्यासोबतचं त्यांचं पुस्तक १९१७ मध्ये आलं. जो शेल्बी रायली यांनी त्यात आडव्या रेषा घातल्या. रायलींकडे काम करणाऱ्या युनिस इंगहॅम (१८८९–१९७४) यांनी सगळं शरीर दोन तळव्यांवर मांडलं आणि १९३८ मध्ये ते छापलं. आज मिळणारे बहुतेक तक्ते त्याच मांडणीवर बेतलेले आहेत. पुढे जर्मनीत हान्ने मार्क्वार्ट यांनी बसलेल्या माणसाची आकृती आणि उभा धरलेला पाय यांचा आकार जुळवून दाखवला. नकाशा लक्षात ठेवायला ही युक्ती फार उपयोगी आहे: अंगठा म्हणजे डोकं, चवडा म्हणजे छाती, कमान म्हणजे पोट, टाच म्हणजे बैठक.

इजिप्तमध्ये सक्कारा इथल्या अंखमाहोरच्या कबरीत हातपाय हाताळणाऱ्या माणसांचं चित्र आहे. ते इ.स.पू. २३०० च्या सुमाराचं असल्याने 'ही विद्या चार हजार वर्षांची' असं बरेच जण सांगतात. चित्रात पाय धरलेला दिसतो, अवयवांचा नकाशा दिसत नाही.

आपल्याकडचा पादाभ्यंग ही निराळी गोष्ट आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, पायाला तेल चोळल्याने खरखरीतपणा, ताठरपणा, कोरडेपणा, शीण आणि बधिरपणा कमी होतो असं म्हटलं आहे. तिथे यकृत-प्लीहेचे ठिपके नाहीत. अॅक्युप्रेशरही निराळं. चिनी पद्धतीच्या बारा मुख्य वाहिन्यांचा तळव्यावर एकच बिंदू येतो, योंगच्वान. बोटं आत वाकवली की तळव्याच्या पुढच्या भागात खळगा पडतो, तो तिथे. म्हणून तळवाभर ठिपके असलेल्या तक्त्यावर अॅक्युप्रेशर असं छापलेलं असलं, तरी आतला नकाशा रिफ्लेक्सॉलॉजीचाच असतो.

हे काम किती करतं? पर्यायी उपचारांचे अभ्यासक एडझार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये १८ चाचण्यांचा आढावा घेतला आणि कुठल्याही आजारावर हा उपचार लागू पडतो असं पटण्याजोगं दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. तळव्यावरच्या एखाद्या ठिकाणापासून यकृतापर्यंत किंवा फुप्फुसापर्यंत जाणारी स्वतंत्र नस शरीरशास्त्रात नाही. पायाला मात्र आराम पडतो, अंग सैल होतं, पुष्कळांना झोप चांगली लागते. दिवसभर वेचणी करून आलेल्या बाईला एवढं मिळालं तरी अर्धा तास सार्थकी लागला.

पाय हातात घेण्याआधी

पाय कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्यांसह कोरडा पुसा. मग उजेडात नीट पाहा. विदर्भात हे पाहणं जास्तच गरजेचं आहे, कारण पायावर दिसणारे काही आजार आपल्या भागात सर्रास आढळतात.

मधुमेह असलेल्या माणसाची आधी स्पर्शाची परीक्षा घ्या. डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपलं बोट अलगद एक-दोन सेकंद टेकवा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय बधिर होत चालला आहे. अशा पायावर जोर लावायचा नाही, काठी नाही, काशाची वाटीही नाही. त्याला दाब किती पडला ते समजत नाही, आत जखम होते आणि आठवड्याने कळते. त्याला डॉक्टरांकडे पाठवा.

एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड झाला असेल, बोट दाबल्यावर खड्डा राहत असेल किंवा कातडीला घड्या पडल्या असतील, तर हत्तीरोगाची शंका घ्या. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात तो आहे. अशा पायाला चोळून सूज उतरत नाही. रोज साबण-पाण्याने धुणं, बेचक्या कोरड्या ठेवणं, पाय उंचावर ठेवणं हीच त्याची सेवा. एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागली आणि दुखत असेल तर तिला हातच लावू नका. शिरेत रक्ताची गाठ असू शकते, चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना.

कातडीवर फिकट किंवा तांबूस चट्टा असून तिथे स्पर्श कळत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला दुखण्याचा झटका आलेला असताना किंवा घोट्याजवळ जखम असताना पाय दाबू नये. गरोदर बाईच्या घोट्याच्या दोन्ही बाजूंचा भाग परंपरेने सोडतात. तोच नियम पाळा आणि बाकीच्या पायालाही हलकाच हात लावा. ताप, ताजी जखम, मुरगळलेला पाय असेल तर त्या दिवशी काम बंद.

शेवटी काटा शोधा. बाभळीच्या काट्याचं मोडलेलं टोक तळव्यात राहतं, वर कातडी भरून येते आणि बोटाला बारीक कडक दाणा लागतो. पुस्तकी माणूस त्याला 'साचलेला क्षार' म्हणतो आणि दाबत सुटतो. कुरूपही असंच फसवतं. तिरक्या उजेडात बघितलं की काट्याच्या जागी काळा ठिपका दिसतो, कुरुपाच्या मध्यावर पिवळट टणक खुंटी दिसते. दोन्ही काढायच्या गोष्टी आहेत, दाबायच्या नव्हेत.

रेषा ओढणं

पहिल्यांदा करताना पायावर खरंच बॉलपेनने रेषा ओढा. धुतल्यावर निघून जातात, आणि एकदा चार-पाच निरनिराळ्या पायांवर ओढल्या की नंतर पेन लागत नाही.

उभे पट्टे पाच. दोन बोटांच्या मधल्या बेचक्यातून टाचेपर्यंत सरळ रेघ आणा. अशा चार रेघांनी पाच पट्टे पडतात. पहिला अंगठ्याचा, पाचवा करंगळीचा. फाकलेल्या बोटांच्या टोकापासून रेघ सुरू केली तर ती तिरपी होते, म्हणून नेहमी बेचक्यापासूनच. पहिला पट्टा शरीराच्या मध्यरेषेचा: नाक, कणा, बेंबी. पाचवा पट्टा खांदा, हात आणि कुशीचा. उजवा पाय शरीराच्या उजव्या बाजूचा, डावा डाव्या बाजूचा.

आडव्या रेषा चार. पहिली, खांद्याची, बोटं जिथे चवड्याला जुळतात तिथे. ती शोधावी लागत नाही.

दुसरी, श्वासपटलाची (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याची), हीच सगळ्यात महत्त्वाची आणि हीच सगळ्यात जास्त चुकते. एका हाताने बोटं मागे वाकवा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्याच्या कमानीतून वर चवड्याकडे ढकलत न्या. मऊ भाग संपून हाडाची कड लागेल तिथे थांबा आणि खूण करा. पाचही पट्ट्यांत असं करून खुणा जोडा. ही रेष सरळ येत नाही, चवड्याच्या हाडांच्या कडेने वळत जाते. ती जबरदस्तीने सरळ ओढू नका.

तिसरी, कमरेची. करंगळीपासून पायाच्या बाहेरच्या कडेने टाचेकडे बोट फिरवा. साधारण मध्यावर एक ठळक हाडाचा उंचवटा लागतो. तिथून आतल्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढा. सपाट पायाच्या माणसाला कमान नसते, पण हा उंचवटा असतोच, त्यामुळे त्याचाही नकाशा बसतो.

चौथी, टाचेची. कमानीतून अंगठा खाली सरकवा. मऊ भाग संपून टाचेची घट्ट गादी सुरू होते ती रेघ. भेगा आणि जाड कातडी कधीकधी या रेघेच्याही पुढे आलेली असते, म्हणून इथे डोळ्यावर नाही, बोटावर विश्वास ठेवा.

आता बोटं पुन्हा मागे वाकवा. तळव्याच्या आतल्या अर्ध्या भागात चवड्यापासून टाचेपर्यंत एक ताठ शीर (रक्ताची नव्हे, तळव्याचा कडक स्नायुबंध) उभी राहील. तिचीही खूण करा आणि बोटं सोडून द्या. ही खूण मूत्रपिंड शोधायला लागते. दुसरं कारण असं की ती ताणलेली असताना तिच्यावर कधीच जोर द्यायचा नाही. पाय सैल असतानाच काम करायचं. बोटं मागे ओढून धरून कमानीत दाबणारे लोक दुसऱ्या दिवशी टाचेचं दुखणं लावून देतात.

कुठे काय

अंगठा डोक्याचा. त्याच्या गादीवर जिथे रेषांचा भोवरा पडतो तो मध्य पिट्युटरी ग्रंथीचा मानतात. अंगठ्याच्या बुडाशी मान. बाकी चार बोटांच्या गाद्या आणि बाजू सायनसच्या. दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी डोळे, चौथ्या-पाचव्याच्या मुळाशी कान. करंगळीच्या खालचा फुगीर भाग खांद्याचा.

चवडा, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या रेषेमधला भाग, छातीचा. फुप्फुसं दोन्ही पायांवर पसरलेली. हृदय डाव्या चवड्यावर. ते नेमकं कुठल्या पट्ट्यात यावर तक्त्या-तक्त्यांत मतभेद आहेत, आणि त्यावर वाद घालून उपयोग नाही. अंगठ्याखालच्या उंचवट्याच्या बोटाकडच्या कडेला थायरॉईड. दुसऱ्या रेषेवर, दुसऱ्या-तिसऱ्या पट्ट्याच्या मध्ये पोटाच्या मज्जातंतूंचा गुच्छ, म्हणजे सोलर प्लेक्सस. पाय दोन्ही कडांनी हलका आत दाबला की खळगा पडतो, तोच. सुरुवात आणि शेवट इथेच करायचा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रेषेच्या मध्ये वरचं पोट. इथे दोन पाय सारखे नसतात, आणि नवशिके इथेच गोंधळतात. उजव्या पायावर यकृत जवळजवळ सगळी जागा व्यापतं, बाहेरच्या बाजूला जास्त. चौथ्या बोटाच्या रेषेत त्याच्या आतच पित्ताशय. डाव्या पायावर आतल्या बाजूला जठर, त्याखाली स्वादुपिंड, बाहेरच्या टोकाला प्लीहा. जठराचा लहान भाग उजव्या पायाच्या पहिल्या पट्ट्यातही येतो.

मूत्रपिंड कमरेच्या रेषेजवळ, त्या ताठ शिरेला लागून, दोन्ही पायांवर. त्याच्या वर अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथी. मूत्रपिंडापासून एक तिरपी वाट टाचेकडे, आतल्या कडेला जाते, ती मूत्रवाहिनी. आतल्या घोट्याखाली, टाचेच्या रेषेजवळ किंचित फुगीर मऊ भाग लागतो, तो मूत्राशय.

कमरेची रेष आणि टाचेची रेष यांमधला मऊ भाग लहान आतड्याचा, आणि त्याच्याभोवती मोठं आतडं. याची दिशा पाठ करून ठेवा, कारण अंगठा त्याच दिशेने चालवायचा असतो. उजव्या पायावर टाचेच्या रेषेच्या किंचित वर, चौथ्या-पाचव्या पट्ट्यात सुरुवात. अपेंडिक्सही तिथेच. तिथून वर कमरेच्या रेषेपर्यंत, मग आडवं आतल्या कडेला. डाव्या पायावर आतल्या कडेपासून आडवं बाहेर, मग पाचव्या पट्ट्यातून खाली, टाचेच्या रेषेवर आत वळून मूत्राशयाच्या दिशेने. म्हणूनच आधी उजवा पाय आणि मग डावा, हा क्रम.

टाच बैठकीची आणि सायटिक नसेची. पायाची आतली कड पाठीच्या कण्याची: अंगठ्याच्या बाजूने मानेचे मणके, चवड्यापासून कमरेच्या रेषेपर्यंत पाठीचे, तिथून टाचेच्या रेषेपर्यंत कमरेचे, टाचेच्या कडेला माकडहाड. बाहेरच्या कडेला वरून खाली खांदा, कोपर, गुडघा, खुबा. आतला घोटा आणि टाचेचा मागचा कोपरा यांच्या बरोबर मध्ये गर्भाशय किंवा प्रोस्टेट. बाहेरच्या बाजूला तीच जागा बीजांडाची किंवा वृषणाची.

अंगठा चालवणं

ज्याचे पाय दाबायचे त्याला बाजेवर निजवा, पाय पायथ्याच्या बाहेर थोडे येतील असे. बाज झोळ खाते, म्हणून पोटऱ्यांखाली गोधडीची घडी ठेवा, टाचा मोकळ्या राहू द्या. तुम्ही पाटावर किंवा लहान स्टुलावर असे बसा की तळवा तुमच्या छातीसमोर येईल. वाकून केलं तर दहा मिनिटांत तुमचीच कंबर धरते. नखं कापलेली हवीत, अंगठी काढलेली हवी.

सुरुवातीला तेल लावू नका. तेलावर अंगठा घसरतो आणि जागा सापडत नाही. थोडी टाल्कम पावडर पुरे. तेल शेवटी.

अंगठा सुरवंटासारखा चालतो. फक्त पहिला सांधा वाकवायचा आणि किंचित सरळ करायचा, की टोक एक-दोन मिलिमीटर पुढे सरकतं. दाब टोकाच्या बाहेरच्या कडेने द्यायचा, नख लागता कामा नये. बाकीची चार बोटं पायाच्या वरच्या बाजूला टेकलेली असतात आणि उलट बाजूने आधार देतात. नेहमी पुढेच जायचं. शेवटाला पोहोचलं की उचलून पुन्हा सुरुवातीला यायचं आणि शेजारच्या रेघेत निघायचं. जोर खांद्यातून आणि हाताच्या वजनातून यायला हवा. अंगठ्याच्या सांध्याने ढकलत राहिलात तर पाय दाबून घेणाऱ्याला काही होत नाही, दाबणाऱ्याचा अंगठा सुजतो. नवख्या माणसाची ही सगळ्यात मोठी तक्रार.

पिट्युटरीसारख्या खोल जागेला चालता अंगठा पोहोचत नाही. तिथे टोक टेकवा, दाबा आणि अंगठा किंचित मागे ओढा. पाच सेकंद धरा, सोडा, तीनदा करा.

दाब किती? त्या माणसाला विचारा, 'रुपयात किती आणे दुखतं?' रुपयाचे सोळा आणे धरून सहा आण्यांपर्यंत चालेल. आठ आणे म्हटलं की हात हलका करा. काहीजण सहन करणं हीच मर्दुमकी समजतात, म्हणून चेहऱ्याकडे आणि पायाच्या बोटांकडे लक्ष ठेवा. बोटं आखडली, श्वास थांबला, तर तो तोंडाने काहीही म्हणो, दाब जास्त झाला आहे. स्विस मिशनरी योसेफ ऑयगस्टर यांनी तैवानात रुजवलेल्या पद्धतीत काठीने जोरात दाबतात. ती शिकलेल्या हाताचं काम आहे. घरी लाटण्याच्या टोकाने तिची नक्कल करू नका, तळव्यावर निळे डाग उठतात.

क्रम आणि वेळ

जेवणानंतर तासभर जाऊ द्या. उजव्या पायापासून सुरू करा. आधी दोन मिनिटं पाय सैल करा: दोन्ही तळहातांत पाय धरून डावीकडे-उजवीकडे भराभर हलवा, घोटा दोन्ही दिशांनी चार-चार वेळा फिरवा, बोटं एकेक हलकी ओढा. मग सोलर प्लेक्ससच्या खळग्यात अंगठा ठेवा. तो माणूस श्वास आत घेत असताना दाब वाढवा, सोडताना कमी करा, असे पाच श्वास.

त्यानंतर बोटं, टोकापासून बुडाकडे, दोन मिनिटं. चवडा तीन मिनिटं, श्वासपटलाच्या रेषेपासून बोटांकडे वर. वरचं पोट दोन मिनिटं. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची वाट तीनदा, नेहमी त्याच दिशेने. आतडी तीन मिनिटं, वर सांगितलेल्या वाटेने. कण्याची कड टाचेपासून अंगठ्यापर्यंत एकदा आणि अंगठ्यापासून टाचेपर्यंत एकदा. टाच शेवटी. तिथे कातडी जाड असल्याने अंगठा चालत नाही, मूठ वळून बोटांच्या पेरांनी दाबा. घोट्याच्या बाजूंना मात्र बोटांच्या गादीनेच, हलक्या हाताने, कारण तिथे हाडावर मांसच नाही. मग पुन्हा सोलर प्लेक्ससवर येऊन थांबा. एका पायाला पंधरा मिनिटांच्या वर जाऊ नका. म्हाताऱ्या माणसाला आठ, मुलाला तीन-चार. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरे.

संपल्यावर पाणी द्या, तहान लागते म्हणून. 'विष बाहेर पडतं' हे सोडून द्या.

दुखतं त्याचा अर्थ

नकाशा हातात आला की माणूस दुखऱ्या जागेवरून आजार सांगू लागतो. शेतकऱ्याचा पाय दुखण्याची कारणं बहुधा शेतातच असतात. फावडं मारताना पात्यावर पाय देणाऱ्याचा तळवा कमानीच्या मध्यावर दुखतो, म्हणजे नेमका मूत्रपिंडाच्या जागेवर. ढेकळांतून डवरणी केली की चवडा ठणकतो, त्याचा फुप्फुसाशी संबंध नाही. सकाळी उठल्यावर पहिल्या चार पावलांना टाचेच्या आतल्या बाजूला कळ येते आणि चालल्यावर कमी होते, ते तळव्याच्या त्याच ताठ शिरेचं दुखणं आहे, सायटिकाचं नव्हे. त्याला पोटरीचा ताण सोडवणं आणि मऊ तळाची चप्पल लागते. अंगठ्याचा सांधा रात्रीतून लाल, गरम, हात लावू देईना असा झाला तर तो वातरक्ताचा, गाऊटचा झटका असू शकतो. त्यावर मानेचा बिंदू म्हणून दाबणं ही क्रूरता आहे.

म्हणून दुखरी जागा सापडली की एवढंच करा: दुसऱ्या पायावर तीच जागा तपासा, आठवडाभर काम कोणतं केलं ते विचारा, आणि तिथला दाब निम्मा करा. दोन आठवड्यांनीही दुखणं तसंच असेल तर पाय डॉक्टरांना दाखवा. लघवी कमी होणं, पायावर सूज, चेहऱ्यावर सूज ही मूत्रपिंडाची लक्षणं आहेत. तळव्याचा ठणका त्यांत येत नाही.

काशाची वाटी आणि ऊन

उन्हाळ्यात घरोघरी काशाच्या वाटीने तळपाय घासतात. साधारण पाऊण चमचा तूप एका पायाला लावा, वाटीचा घुमट तळव्यावर टेकवा आणि टाचेपासून बोटांकडे व परत, हलक्या हाताने सात-आठ मिनिटं फिरवा. काठ लागला तर कातडी सोलते, म्हणून वाटी तिरपी करायची नाही. भेगांमध्ये रक्त दिसत असेल तर आधी भेगा भरू द्या.

घासता घासता तूप काळं पडतं. 'ऊष्णता निघाली' असं म्हणायची रीत आहे. कासं म्हणजे तांबं आणि कथील. घर्षणाने धातू तुपात आणि घामात उतरतो आणि त्याने काळं येतं. थंड पायावर घासलं तरी येतं. काळं किती आलं यावरून काहीही ठरवू नका, पाय पुसून टाका आणि निवांत झोपा.

इथे मात्र हयगय नको: उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलत असेल, अंग तापलेलं असेल, शुद्ध हरपत असेल, तर वाटी शोधत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

शेवटचं तेल

तिळाचं तेल सगळ्यात सोयीचं. जवसाचं लावलं तर वास राहतो आणि गोधडी चिकट होते. एका पायाला एक चमचा पुरे, टाचेला जास्त, बेचक्यांत अजिबात नाही. तेल लावल्यावर सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर लगेच उभं करू नका, म्हातारी माणसं घसरून खुबा मोडतो. जुने सुती मोजे घाला किंवा पाय पुसून मगच उठवा.

पूर्व विदर्भात रोवणीच्या दिवसांत वेगळा नियम लागतो. दिवसभर बांधीच्या पाण्यात उभं राहून बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते. तेलाने तिथली ओल कोंडते आणि चिखल्या वाढतात. अशा वेळी पाय धुऊन बेचक्या कोरड्या फडक्याने टिपा, बोटं फाकवून वाऱ्यावर ठेवा, दवाखान्यातून बुरशीचा मलम आणून लावा. पाय दाबताना बोटं आणि त्यांची मुळं, म्हणजे सायनस, डोळे, कान हा सगळा पट्टा सोडा. चिखल्या भरेपर्यंत श्वासपटलाच्या रेषेखालीच काम करा, आणि एकाचे पाय झाले की दुसऱ्याचे हातात घेण्याआधी साबणाने हात धुवा.